फाटक्या आवाजाचा रेडिओ उघडण्याआधी

आमच्या डिचोलीच्या घरातला व्हॉल्व्हचा (म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना) रेडिओ दुरुस्त होऊन आला, तेव्हा पहिली दहा मिनिटं भजन स्वच्छ लागलं. मग आवाज फाटत गेला. ‘स’ कुठला, ‘श’ कुठला कळेना. चवथीला घरात माणसं जमायच्या तोंडावर तुमच्याकडे असं झालं, तर घाईने पार्ट बदलत सुटू नका.

आधी रेडिओ दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा पाझरतात, मग स्पीकरचा कागदी कोन ओल धरणारच. प्लग काढून कोनाच्या मध्याभोवती बोटांची टोकं टेकवा आणि तो अलगद आत दाबा. कोनाला चिकटलेली तारेची कॉइल घासत असेल तर ती बारीक खरखर कानाआधी बोटांना कळते. ताडून बघायला दुसरा स्पीकर असावा, पण अदलाबदल रेडिओ बंद करूनच. स्पीकर न जोडता चालवला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला ट्रान्सफॉर्मर, जळू शकतो.

टेबलावर मल्टिमीटर, सर्किटचा कागद, पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये (वीज त्यातून रेडिओत जाईल असा) लावायला १०० वॅटचा तारेचा बल्ब, आणि कंडेन्सर रिकामे करायला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घ्या. आत अडीचशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. पायात रबरी चप्पल हवी. व्हॉल्व्हची नावंही वाचा: यूसीएच, यूएल अशी ‘यू’ने सुरू होत असतील तर चासीत, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यात, थेट मेन्सचा (घरातल्या विजेचा) करंट असू शकतो. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला घरातल्या विजेपासून वेगळा ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडू नका, त्याला मोबाईल तर मुळीच जोडू नका.

मेन्स ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला मागे ग्रामोफोनचं सॉकेट असेल तर त्यात मोबाईलवरचं गाणं सोडा. तिथेही फाटलं तर दोष ऑडिओच्या बाजूला. स्वच्छ वाजलं तर त्याच्या आधीच्या भागात.

दोष ऑडिओच्या बाजूला असेल तर आता खरी जागा. आऊटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकर चालवणारा शेवटचा व्हॉल्व्ह, ईएल८४ असेल तर मीटरची काळी तार चासीला, लाल दोन नंबरच्या पिनला, म्हणजे आवाजाचा सिग्नल जिथे व्हॉल्व्हमध्ये शिरतो तिथे. तिथे शून्याच्या आसपास हवं. आमच्याकडे काटा वर सरकत ९ व्होल्टवर गेला. मग रेडिओ बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि थोडाच वेळ चालू करून पुन्हा मोजा. व्होल्ट तसेच राहिले तर मागचा कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय, नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह खराब. हे न बघता महागडा नवा व्हॉल्व्ह बसवाल तर तोही तापून लवकर जाईल.

म्हणून ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर आधीच आणून ठेवा. आमचा जुना मेणकागदाचा होता, दिसायला ठणठणीत, म्हणून दुरुस्तीत तसाच राहून गेला होता. काढला तेव्हा त्याच्या खाली चासीवर मेणाचा पिवळा थेंब गोठलेला होता.