नोंदणीची की: स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांसाठी

दुकानासाठी किंवा दवाखान्यासाठी बिलिंगचा प्रोग्रॅम लिहून तो स्वतःच विकणाऱ्याने नोंदणीची व्यवस्था उभारताना आधी एक गोष्ट पाहावी: प्रोग्रॅम उलगडून पाहणाऱ्याला नवी की, म्हणजे प्रत विकत घेतल्याचा पुरावा म्हणून ग्राहकाला द्यायचा संकेत, बनवता येता कामा नये. विंडोज ९५ ची दुकानात मिळणारी प्रत या कसोटीला उतरत नव्हती. तिच्या कीमधील शेवटच्या सात अंकांच्या बेरजेला ७ ने पूर्ण भाग गेला की काम होई, आणि म्हणून १११-१११११११ ही कीसुद्धा चालत असे. सूत्र अधिक किचकट केल्याने हा दोष जात नाही, कारण तपासणीचे सूत्र ग्राहकाच्याच संगणकावर असते आणि ते वाचणाऱ्याला त्यावरून की बनवता येते.

यावर खरा उपाय डिजिटल स्वाक्षरीचा आहे. त्यासाठी एड२५५१९ (Ed25519) ही स्वाक्षरीची पद्धत वापरावी. ती लिबसोडियम (libsodium) या मुक्त लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, मिळते, स्वतः लिहायला जाऊ नये. ग्राहकाचे नाव, आवृत्ती आणि खरेदीची तारीख असलेल्या मजकुरावर फक्त आपल्याजवळ गुप्त राहणाऱ्या प्रायव्हेट कीने सही करावी आणि प्रोग्रॅममध्ये केवळ ३२ बाइटची पब्लिक की ठेवावी. तिने सही तपासता येते, करता येत नाही. सही ६४ बाइटची असल्यामुळे ती फोनवर सांगून टाइप करवून घेणे अवघड जाते. म्हणून मजकूर आणि सही यांची एक छोटी फाइल ईमेलने पाठवावी; हीच ग्राहकाची की. प्रायव्हेट की वेबसाइटच्या सर्व्हरवर कधीही ठेवू नये, मात्र तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी जपाव्यात.

नाव फाइलमधूनच वाचावे, ग्राहकाला पुन्हा टाइप करायला लावू नये. ‘वऱ्हाड मेडिकल’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्याने सही जुळत नाही आणि पैसे भरलेला माणूस चोर ठरतो. तेच नाव प्रत्येक बिलाच्या तळाशी छापावे, कारण दुसऱ्याच्या दुकानाचे नाव असलेले बिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला कोणीही दुकानदार सहसा धजत नाही.

ग्राहकाची की एकाच संगणकाला जखडायची असल्यास फार बेताने जखडावी. मी पूर्वी केवळ हार्ड डिस्कच्या क्रमांकावर ती बांधली होती. मार्चअखेरीस एका ग्राहकाची डिस्क बदलावी लागली, बॅकअपमधून सगळे परत आले, पण प्रोग्रॅम उघडेना, आणि वर्षाचा हिशेब त्यात अडकून पडला. तेव्हापासून तपासणी फसली तरी जुनी बिले पाहणे, छापणे आणि एक्सेलमध्ये काढून घेणे मी कधीच बंद करत नाही. फक्त नवे बिल थांबते, तेही पंधरा दिवसांची मुदत देऊन.

एवढे करूनही कोणी प्रोग्रॅममधली तपासणीच कापून टाकू शकतो, आणि ते सहीने थांबत नाही. अशा वेळी अपडेट आणि फोनवरची मदत फाइलमधील सही तपासूनच द्यावी. बेकायदा प्रत माहीत असूनही संगणकावर वापरणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब खाली गुन्हा आहे, हे परवान्याच्या मजकुरात मराठीत स्पष्ट लिहावे.