नर्सिंगचे पहिले वर्ष: मनातली धास्ती कशी हाताळावी आणि पुढची वाट कशी आखावी

चोपडा, साक्री किंवा तळोद्याहून येऊन जळगाव, धुळे वा नंदुरबारला नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात दोन प्रश्न घेरतात: हे आपल्याला जमेल का, आणि यातून पुढे काय होईल. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतले की वॉर्डात एकदा चक्कर आली एवढ्यावरून क्षेत्रच चुकले असे वाटू लागते. म्हणून आधी ते सुटे करावेत.

१. काळजी कागदावर उतरवा. जे जे मनात येते ते लिहून काढा आणि प्रत्येकासमोर ते सरावाने सुटेल, कागदपत्रांनी सुटेल की कोणाशी बोलून सुटेल, एवढेच नोंदवा. रक्ताची भीती, अनोळखी रुग्णाला स्पर्श करण्याचा संकोच, मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे दडपण या साऱ्या सरावाच्या गोष्टी आहेत. ड्रेसिंग पाहताना डोळ्यांसमोर अंधारी आली तर लाज न बाळगता लगेच खाली बसावे आणि जवळच्या सिस्टरना सांगावे. उपाशीपोटी ड्युटीवर जाऊ नये आणि गुडघे ताठ ठेवून फार वेळ उभे राहू नये. नाइट ड्युटीबद्दल घरच्यांना चिंता असेल तर त्यांना एकदा वसतिगृह दाखवावे आणि ट्युटर मॅडमशी त्यांचे बोलणे करून द्यावे. नुसत्या आश्वासनापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

२. हात आणि हिशेब पक्का करा. माझ्या मते पहिल्या वर्षाचा सर्वाधिक वेळ येथे द्यावा. हात धुणे, बेड मेकिंग, तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब या गोष्टी साध्या वाटतात, पण पुढचे सगळे त्यांवरच उभे राहते. नाडी अनियमित लागत असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, पूर्ण मिनिट मोजावी. सलाईनचा वेगही तोंडपाठ न करता समजून काढावा. समजा, ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीतून (सेटमधून) एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, त्याला २४० मिनिटांनी भागले की मिनिटाला साधारण ४२ थेंब येतात. असे एक गणित रोज सोडवावे. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्यात आणि शंका असल्यास इन्चार्ज सिस्टरना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. स्वतःला जपा. हिपॅटायटिस बी लसीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस वेळेवर पूर्ण करा. वापरलेली सुई टोचलीच तर जागा दाबून रक्त काढू नका. साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब इन्चार्ज सिस्टरना कळवा, कारण एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. ओरडा बसेल म्हणून ही गोष्ट कधीही लपवू नये.

४. कागदपत्रांची एक फाइल करा. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर आणि आधारशी जोडलेले बँक खाते यांवर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती अवलंबून असते. महाविद्यालयाला परिचर्या (नर्सिंग) परिषदेची मान्यता आणि बी.एस्सी. असल्यास नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. थिअरी आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, मात्र पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातील हजेरी पूर्ण भरावी लागते, हे लग्नसराईत रजा मागताना लक्षात असू द्या.

५. प्रत्येक पोस्टिंगनंतर, म्हणजे एका विभागातील ड्युटी संपल्यावर, अर्धे पान लिहा. कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळले नाही, कशाने थकवा आला, कोणती प्रोसिजर स्वतः केली, एवढे पुरे. आपल्या भागात शिकण्यासारखे पुष्कळ आहे: नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतील सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि कुपोषण, जळगावच्या उन्हाळ्यातील उष्माघात, केळीच्या बागांतून येणारे कीटकनाशक विषबाधेचे रुग्ण. ‘मन्हं पोट दुखस’ म्हणणाऱ्या आजींशी अहिराणीत बोलता येणे आणि पावरी वा भिली या आदिवासी बोलींतले चार प्रश्न विचारता येणे हे वॉर्डात खरे कौशल्य आहे. ते आवर्जून वाढवा.

६. वाटा माहीत करून घ्या, पण घाईने निवडू नका. तीन वर्षांच्या जीएनएम या नर्सिंग पदविकेनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, त्यामुळे जीएनएमवाल्यांनी स्वतःला मागे समजू नये. चार वर्षांच्या बी.एस्सी.नंतर एक वर्षाचा अनुभव घेऊन एम.एस्सी. करता येते आणि त्यात बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य असे विषय मिळतात. राज्याच्या अधिपरिचारिका भरतीप्रमाणेच एम्सची नॉरसेट ही नर्सिंग अधिकारी भरतीची परीक्षाही आहे, तिला बी.एस्सी. नोंदणीसह चालते, जीएनएमला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. गावाजवळ राहायचे असेल तर उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी हे पदही विचारात घ्यावे. पहिल्या वर्षी या वाटांची नुसती यादी ठेवा, तिसऱ्या वर्षी पोस्टिंगच्या नोंदी काढून दोन वाटा निवडा आणि निकाल लागताच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करा, कारण नोंदणीशिवाय यांपैकी कोणत्याही पदावर रुजू होता येत नाही.