तत्त्वज्ञानात बी.ए. करताय? या चुका टाळा

नागपुरातील महाविद्यालयांत तत्त्वज्ञान हा विषय घेणारे विद्यार्थी साधारणपणे तीन वाटांनी येतात. काहींना हव्या त्या विषयात जागा मिळालेली नसते. काहींना स्पर्धा परीक्षेच्या एखाद्या क्लासमध्ये कोणीतरी सांगितलेले असते की, लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी या वैकल्पिक विषयाचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे. आणि थोडे असे असतात की ज्यांना खरोखरच काही प्रश्न स्वस्थ बसू देत नाहीत. वाट कोणतीही असली तरी पुढच्या चुका मात्र ठरलेल्या असतात, आणि त्या वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत वाचून कंटाळा आल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्वपक्ष गाळून थेट खंडनाला हात घालणे. आपल्या परंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे, अशी शिस्त होती. आजचा विद्यार्थी मात्र विचारवंताचे नाव, त्याच्या मताला असलेला 'वाद' आणि त्यावरील टीकेचे मुद्दे एवढेच पाठ करतो. त्या विचारवंताला तसे का वाटले, हा मधला भाग त्याच्या वहीत नसतोच.

काही वर्षांपूर्वी अंतर्गत मूल्यमापनाच्या सेमिनारसाठी एका विद्यार्थ्याने चार्वाक दर्शन हा विषय निवडला. त्याने सुरुवातच 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' या चरणाने केली, अपेक्षेप्रमाणे वर्गात हशा पिकला, आणि त्या हशाच्या बळावर त्याने चार्वाकाला चार ओळींत चंगळवादी ठरवून टीकेचे सहा मुद्दे धडाधड वाचून दाखवले. मी एवढेच विचारले की, अनुमान हे प्रमाण (ज्ञानाचे खात्रीचे साधन) नाही असे चार्वाक म्हणतो, तर त्यासाठी तो कारण काय देतो? उत्तर आले, "सर, तो भौतिकवादी आहे ना, त्याला दिसते तेवढेच खरे वाटते." म्हणजे कारण विचारले आणि लेबल मिळाले.

त्याला मी टीकेचे सहाही मुद्दे बाजूला ठेवायला लावले आणि चार्वाकाची बाजू एका पानात लिहून आणायला सांगितली. अट अशी होती की, ते पान वाचून खुद्द चार्वाकानेही मान डोलावली पाहिजे. 'चार्वाक चुकीने असे मानतो की' अशा सुरुवातीचे खर्डे अर्थातच परत गेले. शेवटी कुरकुरत का होईना, तो माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील 'सर्वदर्शनसंग्रहा'चे भाषांतर घेऊन बसला. त्याचे पहिलेच प्रकरण चार्वाकावर आहे, आणि तेथे युक्तिवाद त्याच्या हाती लागला. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान 'जेथे जेथे धूर, तेथे तेथे अग्नी' या व्याप्तीवर उभे असते. पण ही व्याप्ती कळते कशी? प्रत्यक्षाने म्हणावे, तर आपण पाहिलेल्या चुली मोजक्या, आणि उद्याचा धूर तर कोणीच पाहिलेला नाही. अनुमानाने म्हणावे, तर त्या अनुमानाला आणखी एक व्याप्ती लागते, तिला आणखी एक, आणि ही साखळी कोठेच थांबत नाही. शब्दप्रमाणाने, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या सांगण्यावरून म्हणावे, तर तेही शेवटी अनुमानावरच टेकते.

हे सारे कागदावर उतरल्यावर मुलाची खरी पंचाईत झाली, कारण त्याच्या सहा मुद्द्यांपैकी एकही या युक्तिवादाच्या जवळपास फिरकत नव्हता. समाजात अनाचार माजेल, या भीतीने व्याप्तीचा प्रश्न सुटत नाही. अनुमान अप्रमाण आहे हे पटवून देताना चार्वाक स्वतः अनुमानच वापरत नाही काय, हा जुना आक्षेप त्याने आधीही पाठ केलेला होता, पण त्याचे वजन त्याला तेव्हा कळले. पुढे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ह्यूम आला आणि त्याने १७४८ मध्ये अनुभवावरून भविष्याविषयी निष्कर्ष काढण्याबद्दल उपस्थित केलेली शंका वर्गापुढे मांडली गेली, तेव्हा तिचे मर्म पहिल्यांदा याच विद्यार्थ्याला उमगले. (चार्वाक आणि ह्यूम या दोघांचे म्हणणे एकच आहे, असे मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नये. आपण असे निष्कर्ष का काढतो याचा उलगडा ह्यूम मनाच्या सवयीने करतो, आणि तो भाग स्वतंत्रपणे समजून घ्यावा लागतो.)

माझी स्वतःची पद्धत जुनाट आहे. वहीच्या डाव्या पानावर केवळ लेखकाचे म्हणणे लिहावे, उजवे पान आपल्या मतासाठी ठेवावे, आणि डावे पान दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय उजव्या पानाला पेन लावू नये. उतावळ्या मुलांना हे छळ वाटते, आणि वाटू द्यावे.

दुसरी चूक नाजूक आहे, म्हणून तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. घरातून आलेली श्रद्धा उत्तरपत्रिकेत युक्तिवादाच्या जागी बसवली जाते. कोणी अद्वैत वेदान्तावर लिहिताना कीर्तनाचा सूर लावतो, तर कोणी बौद्धांच्या अनात्मवादावर (आत्मा नाही, या मतावर) लिहिताना प्रश्नाला बगल देऊन वंदनेकडे वळतो. दीक्षाभूमीच्या या शहरात बौद्ध विचार लहानपणापासून कानांवर पडलेली मुले वर्गात असतात, ही शिक्षकाच्या दृष्टीने फार मोठी जमेची बाजू आहे. अशा विद्यार्थ्यांना मी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा वाचायला सांगतो. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतःच अडचणीचे प्रश्न समोर ठेवतात, आणि आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म यांची संगती कशी लावायची, हा त्यांतलाच एक आहे. ज्यांना आपण मानतो त्यांनीच जो प्रश्न टाळला नाही, तो आपण परीक्षेत टाळण्याचे काही कारण दिसत नाही. वेदान्ताच्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लागू आहे, कारण रामानुजांनी मायावादावर (जग हे मायेमुळे भासते, या शंकराचार्यांच्या मतावर) घेतलेले आक्षेप न वाचता शंकराचार्यांचे गोडवे गाण्याला अभ्यास म्हणत नाहीत.

तर्कशास्त्र पाठ करणे हीदेखील नेहमीची चूक. सत्यता कोष्टक सुबक आखणारा विद्यार्थी पुढच्याच पेपरात असा युक्तिवाद करतो: अंबाझरी तलाव ओसंडला तर नाग नदीचे पाणी वाढते, नाग नदीचे पाणी वाढले आहे, म्हणून अंबाझरी ओसंडला. येथे उत्तरांग ('तर'नंतरचा भाग) मान्य करून पूर्वांग ('तर'आधीचा भाग) सिद्ध केल्याचा आव आणलेला आहे. तलाव न ओसंडता शहरात पडलेल्या पावसानेही नदी फुगू शकते, हे साधे प्रतिउदाहरण त्याला सुचत नाही, कारण तर्कशास्त्र हा त्याच्या लेखी वेगळा पेपर असतो. यावर उपाय म्हणून वर्तमानपत्रातील अग्रलेख घ्यावा, त्यातील निष्कर्षाखाली रेघ मारावी, आधारविधानांना क्रमांक द्यावेत, आणि गाळलेले आधारविधान कोणते ते समासात लिहावे. हे रोज करावे, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

मूळ ग्रंथ न उघडणाऱ्यांची चोरी देकार्तवर हमखास पकडली जाते. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य १६४१ च्या 'मेडिटेशन्स'मधील अवतरण म्हणून बिनदिक्कत लिहिले जाते. प्रत्यक्षात ते १६३७ च्या 'डिस्कोर्स'मध्ये आहे. 'मेडिटेशन्स'च्या दुसऱ्या प्रकरणात देकार्त म्हणतो की, 'मी आहे, मी अस्तित्वात आहे' हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो तेव्हा ते अपरिहार्यपणे सत्य असते. हे प्रकरण लहान आहे, पेन्सिल हातात घेऊन दोन-तीन संध्याकाळींत सावकाश वाचून होते, आणि तरीही गाइडमधील दीड पानावर वेळ मारून नेणारेच बहुसंख्य असतात.

किरकोळ चुकांचा परामर्श थोडक्यात घेतो. सांख्य आणि मीमांसा ही आस्तिक दर्शने असल्यामुळे ती जगत्कर्ता ईश्वर मानतात असे लिहू नये, कारण तेथे आस्तिकत्व वेदप्रामाण्यावर ठरते. लॉक, बर्कली आणि ह्यूम यांचा क्रम उलटसुलट करू नये. प्रत्येक परिच्छेद 'कांटच्या मते' असा सुरू करू नये. नीतिशास्त्राच्या पेपरात सुविचार लिहू नयेत.

लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवर डोळा ठेवून आलेल्यांना माझा विरोध नाही, परंतु त्यांचे गणित चुकते. प्रत्येकी २५० गुणांच्या दोन पेपरांचा अभ्यासक्रम छापील स्वरूपात लहान दिसतो, पण त्यातील 'कांट' या एका नावाखाली काय काय येते हे 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'ची काही पाने चाळल्यावर कळते. पदवीची तीन वर्षे क्लासच्या नोट्सवर काढून नंतर मूळ वाचू, असे म्हणणारे नंतर वाचताना मला तरी दिसलेले नाहीत.

भाषेचा न्यूनगंडही सोडावा. इंग्रजी मजकूर वाचून त्याचे टिपण मराठीत काढणे ही फार चांगली परीक्षा आहे, कारण न कळलेला परिच्छेद आपल्या भाषेत उतरतच नाही. परिभाषेसाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेले 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोशा'चे तीन खंड ग्रंथालयातून मागून घ्यावेत. काटेकोर मराठीत युक्तिवाद कसा लिहितात हे पाहायचे असेल, तर दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातूनच सुरू केलेल्या, पुढे 'आजचा सुधारक' या नावाने निघू लागलेल्या मासिकाचे जुने अंक मिळवावेत. त्यातील एक लेख निवडावा, डाव्या पानावर त्याचे म्हणणे उतरवावे, आणि तो आपल्याला मुळीच न पटणारा असेल तर फारच उत्तम.