पेपर टाकायच्या (म्हणजे राजीनामा द्यायच्या) आधी शिल्लक रजांचा हिशोब करा, माझ्यासारखा नंतर नको

रिझाईन केल्यावर मी पहिलं काम काय केलं तर पोर्टलवर रजा मोजल्या, कारण सोडताना न घेतलेल्या रजांचे पैसे मिळतात. ३८ पीएल, म्हणजे साठलेल्या भरपगारी रजा. हिंजवडीत ऑफिसखालच्या टपरीवर चहा पीत पीतच हिशोब मांडला, ग्रॉस (भत्ते धरून पूर्ण पगार) ७२,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे २,४००, गुणिले ३८... ९१,२०० रुपये! नवीन गाडी निघतीये म्हणून घरी सांगूनपण टाकलं.

रजेचे हातात आले १,२००.

झालं असं की रजेचे पैसे बहुतेक ठिकाणी बेसिकवर (भत्ते सोडून मूळ पगारावर) देतात, ग्रॉसवर नाही, आणि माझं बेसिक होतं फक्त ३०,०००. म्हणजे दिवसाचे १,०००. त्यात कंपनीची पॉलिसी होती की ३० च्या वरच्या रजा लॅप्स, त्यामुळे ८ तिथेच गेल्या. राहिले ३०,०००. (काही कंपन्या ३० ऐवजी २६ ने भागतात, मग दिवसाचे १,१५४ पडतात, त्यामुळे भागाकार कितीने आहे ते पॉलिसीत आधी बघा.) आणि खरी मेख पुढेच, माझा नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर कामावर भरायचे दिवस) १२ दिवस कमी पडला होता, त्याची रिकव्हरी मात्र ग्रॉसने! १२ गुणिले २,४०० म्हणजे २८,८०० कापले. देताना बेसिक, घेताना ग्रॉस. एचआरला विचारलं तर म्हणे ऑफर लेटरमध्ये लिहिलंय सर. बघितलं तर खरंच लिहिलेलं, मीच सही करताना वाचलं नव्हतं.

म्हणून फ्रेशर लोकांना सांगतो, रजेची किंमत दोन असते. घेतली तर त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळतो, विकली तर बेसिकचाच. शिवाय नोटीसमध्ये रजा टाकून ती वसूल करू म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी नोटीसच तेवढी लांबते, तेव्हा जे काय घ्यायचंय ते पेपर टाकायच्या आधी.

अजून एक, हे मला फार उशिरा कळलं. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आहे २०१७ चा, २०२५ पर्यंत १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता, आता २० किंवा जास्त. त्यात वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांना एक भरपगारी रजा मिळते आणि ४५ पर्यंत साठवता येतात (मॅनेजर लेव्हलची माणसं यात येत नाहीत). १५ दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली तर ४५ च्या वरच्या रजांचे पैसे मागता येतात, त्यामुळे नकाराचा मेल डिलीट करू नका. मॅनेजर तोंडी 'नंतर बघू' म्हणाला तर तेच मेलवर लिहून मागा.

टॅक्सचं थोडक्यात, नोकरीत असताना रजा विकली तर सगळे पैसे टॅक्सेबल. नोकरी सोडताना मिळाले तर प्रायव्हेटवाल्यांना आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत सूट आहे, १ एप्रिल २०२३ च्या आधी ही मर्यादा ३ लाखच होती. पण सरसकट नाही हां, दहा महिन्यांचा सरासरी पगार वगैरे आकडे काढून जो सगळ्यात कमी तेवढीच सूट. फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार-टॅक्सच्या दाखल्यात) ती दिसली नाही तर रिटर्न भरताना सीएला आठवण करा.

आता नवीन कंपनीत २१ पीएल साठल्यात. त्यातल्या १० गणपतीत गावाला जायला टाकल्यात, मेल महिनाभर आधीच गेलाय.