छातीवर कुणी बसत नाही: स्लीप पॅरालिसिसमधल्या या चुका टाळा

डोळे उघडे, खोली दिसतेय, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर ओझं. हाच स्लीप पॅरालिसिस. भूत छातीवर बसलं असं लोक म्हणतात, पण तसं नसतं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. झटका बहुधा काही सेकंदांचा ते एक-दोन मिनिटांचा. कोपऱ्यात कुणी उभं दिसतं, तो स्वप्नाचा उरलेला तुकडा. श्वासपटल (श्वासाचा मुख्य स्नायू) काम करतच असतं, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास थांबत नाही.

पहिली चूक, सगळा जोर लावून उठायला जाणं. त्याने घबराट वाढते. श्वास हळू सोडा आणि फक्त एक बोट हलवायचा प्रयत्न करा. घरच्यांनी हात लावायला घाबरू नये. हाक मारली, हलवलं की बऱ्याचदा लगेच सुटका होते. सुटल्यावर तसंच उताणं झोपू नका. उठून बसा, पाणी प्या, मग कुशीवर.

खरी गोम तुटक झोपेत आहे. शेतीपंपाची लाईट रात्रीची आली की केळीला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं, पहाटे परत यायचं, आठला पुन्हा कामाला. मोबाईल स्टार्टरने मोटर चालू होते, पण व्हॉल्व्ह बदलायला माणूसच लागतो. भुसावळच्या रेल्वेवाल्यांचीही ड्युटी अशीच. अशा आठवड्यात परतल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग झोप काढा. तासातासाचे तुकडे करू नका. एरवी उठायची वेळ रोज एकच ठेवा. भीतीने मोबाईल बघत जागणं किंवा झोप यावी म्हणून दारू घेणं, दोन्हींनी झोप आणखी मोडते.

भूत येऊ नये म्हणून उशाखाली विळा ठेवून यातलं काही बदलत नाही. कूस बदलताना बोट मात्र कापतं.

झटके वारंवार येत असतील तर मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका, चालू असलेली नैराश्याची गोळीही मनाने बंद करू नका. ती अचानक सोडली की स्वप्नांची झोप उसळते. दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, हसताना गुडघे ढिले पडत असतील, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा. काही मिनिटांनीही एकच बाजू लुळी राहिली, तोंड वाकडं झालं, तर हा प्रकार वेगळा: लगेच 108 ला फोन.