ज्युलियन प्रेषित नव्हता हो! ‘अपॉस्टसी’ लिहिताना या चुका टाळा

सांगलीत मुद्रितं तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं. ‘अपॉस्टसी’ म्हणजे धर्मत्याग, एवढं साधं काम. पण या शब्दानं जेवढं छळलं तेवढं कुणीच नाही.

पहिली चूक माझ्याच अंगावर आलेली. खणभागातल्या एका छापखान्यात रोमन इतिहासाचं छोटं पुस्तक छपाईला आलं. अनुवादक पोरगा हुशार, पण घाईचा. मोबाइलवर पाहिलं की झालं. त्यानं ‘ज्युलियन दि अपॉस्टेट’चं केलं ‘प्रेषित ज्युलियन’. हा बादशहा 361 ते 363 राज्यावर होता, ख्रिस्ती म्हणून वाढला आणि जुन्या देवांकडे परतला; म्हणून ख्रिस्ती विरोधकांनी त्याला ‘अपॉस्टेट’, म्हणजे धर्मत्यागी, हे नाव चिकटवलं. त्यालाच आम्ही प्रेषित करून टाकलं! मुद्रितावर सही माझी. सगळा रविवार भडंग खात, खळीनं बरबटलेल्या बोटांनी प्रत्येक प्रतीवर दुरुस्तीची चिठ्ठी डकवली.

तेव्हापासून असा शब्द दिसला की आधी पेन्सिलीनं फोडतो. ग्रीकमध्ये ‘अपो’ म्हणजे दूर. दूर पाठवलेला तो ‘अपॉसल’, म्हणजे प्रेषित. दूर जाऊन उभा राहिलेला तो ‘अपॉस्टेट’. मूळ ‘अपोस्तासिया’ तर राजकारणातला शब्द: राजाविरुद्ध उठाव, आपल्याकडची फितुरीच म्हणा. धर्माचा अर्थ मागून चढला, पण फितुरीचा वास राहिला. ‘धर्मत्याग’ला तो वास नाही, म्हणून मी मजकुराचा सूर बघून कधी ‘स्वधर्मद्रोह’ही करतो. कोशातला पहिला शब्द उचलणाऱ्यांना हे कोण सांगणार?

‘धर्मांतर’ लिहू नका. त्यात सोडणं आणि धरणं दोन्ही येतं. बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा येवल्यात 1935 साली केली, बौद्ध दीक्षा नागपुरात 1956 साली घेतली. मधली 21 वर्षं एका शब्दात कोंबायची नसतात.

‘पाखंड’ नको. अशोकाच्या गिरनारच्या लेखात ‘पासंड’ म्हणजे नुसते पंथ, तेही आदरानं. ढोंगाचा अर्थ नंतरचा.

‘बाटणे’ फक्त ऐतिहासिक कादंबरीतल्या पात्राच्या तोंडी. तो सोडणाऱ्याचा शब्द नाही, बघणाऱ्याचा आहे.

अरबी ‘मुर्तद’ म्हणजे मागे फिरलेला; तिथं ‘काफिर’ टाकू नका.

आणि ‘नास्तिक’? वेद मानत नाहीत म्हणून जुन्या दर्शनग्रंथांनी जैनांनाही नास्तिकांत धरलंय. सांगलीतल्या एखाद्या बस्तीसमोर, म्हणजे जैन मंदिरासमोर, उभं राहून हे म्हणून बघा.