मुलांकडे इंग्लंडला चाललात? पबमधलं शाकाहारी संडे लंच असं शोधा

बडोद्यातून दर उन्हाळ्यात कितीतरी आई-बाबा मुलांकडे लेस्टर, लंडन, मँचेस्टरला जातात, आणि तिथे गेल्यावर एखाद्या रविवारी सून म्हणते चला आज पबमध्ये जेवायला जाऊ, की आपल्याला कसंतरीच होतं. साहजिक आहे, गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी, पब आतून पाहिलेलाच नसतो. पण तिथे रविवारी दुपारी पबमध्ये आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, कुत्री, सगळं कुटुंब जेवायला येतं, आणि तुम्ही नुसतं पाणी पिऊन जेवलात तरी कोणी काही म्हणत नाही. तेव्हा बिनधास्त जा. फक्त आधी थोडी चौकशी करा, कारण आपल्यासारख्यांची खरी अडचण आहे ग्रेव्हीची.

रविवारच्या या जेवणाची, म्हणजे संडे रोस्टची, प्लेट कशी असते ते आधी समजून घ्या. मधोमध बीफ, लॅम्ब, पोर्क किंवा चिकन, बाजूला भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप, कोबी, यॉर्कशायर पुडिंग म्हणून एक फुगलेली खोलगट पुरीसारखी वस्तू, आणि सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही. शाकाहारी माणसाला मांसाच्या जागी नट रोस्ट देतात, म्हणजे अक्रोड-काजू वगैरे, ब्रेडचा चुरा, कांदा, मशरूम, कधी मसूर, हे सगळं दाबून भाजलेली वडी, किंवा मग पफ पेस्ट्रीत भाज्या भरलेलं व्हेज वेलिंग्टन. वाटतं झालं, सुटलो. पण बदलते ती फक्त मधली वस्तू, बाजूचं बऱ्याचदा तेच असतं! बटाटे कित्येक ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये किंवा गूज फॅटमध्ये, म्हणजे सरळ चरबीत भाजतात, त्याच्यामुळेच तो कुरकुरीतपणा येतो असं ते अभिमानाने मेन्यूवर लिहितात सुद्धा. ग्रेव्ही मांसाच्या सुटलेल्या रसाची. स्टफिंगमध्ये सॉसेजचं मांस असू शकतं. आणि ते लिंबाएवढे कोबी, ब्रसेल्स स्प्राउट्स, त्यात बेकनचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे, हिरव्या भाजीत असं काही असेल अशी शंकाही येत नाही आपल्याला.

दुसरी गोष्ट अंड्याची. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की अंडं नाही हे ठरलेलं. तिथे व्हेजिटेरियनमध्ये अंडं चालतं, आणि मेन्यूवरचा व्ही तेवढंच सांगतो. यॉर्कशायर पुडिंग म्हणजे मैदा, दूध आणि अंडी, तेही गरम चरबीत ओतून फुगवलेलं असू शकतं. नट रोस्ट बांधायला अंडं घालतात, वेलिंग्टनला वरून चकाकी यावी म्हणून अंड्याचा हात फिरवतात. अंडं न खाणाऱ्यांसाठी सोपा रस्ता म्हणजे व्हेगन लिहिलेला रोस्ट मागवायचा, आणि तूप-लोण्याची हौस घरी भागवायची. अजून एक चांगली सोय आहे, तिथे कायद्यानेच १४ अॅलर्जनची, म्हणजे अॅलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची, माहिती द्यावी लागते, त्यात अंडं, दूध, मासे, दाणे सगळं येतं, तेव्हा काउंटरवर ‘अॅलर्जन लिस्ट’ मागा, कोणी तोंड वाकडं करत नाही. पण लक्षात ठेवा, चरबी, चिकन स्टॉक, जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) हे त्या १४ मध्ये नाहीत, ते तोंडानेच विचारायला लागतं.

आणि विचारायचं कधी, तर रविवारी दुपारी एक वाजता नाही, तेव्हा किचनमध्ये आग लागलेली असते, पोरगा घाईत ‘येस येस’ म्हणून मोकळा होतो. शुक्रवारी नाहीतर शनिवारी दुपारी तीन-चारला फोन करा, टेबल बुक करतानाच विचारा: ग्रेव्ही वेगळी करता का? बटाटे कशात भाजता? यॉर्कशायरला कुठलं फॅट? कॉलीफ्लॉवर चीजमध्ये पार्मेजान आहे का? (खऱ्या पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं, बऱ्याच ब्रिटिश चेडरमध्ये शाकाहारी रेनेट वापरतात.) फोनवरचा माणूस ‘एक मिनिट, शेफला विचारतो’ म्हणाला तर तो पब माझ्या मते चांगला. ‘आय थिंक सो’ म्हणाला की दुसरा बघा. आणि फोनवरच सांगून ठेवा की दोन नट रोस्ट बाजूला ठेवा, कारण ते मोजकेच करतात आणि उशिरा गेलं की संपतात. साधारण बारा ते चार हीच वेळ असते, साडेबाराचं टेबल घेतलेलं बरं, दीडनंतर बटाटे मऊ पडायला लागतात.

पब निवडताना गूगल मॅप्सवर त्या पबच्या रिव्ह्यूमध्ये ‘नट रोस्ट’ किंवा ‘व्हेगन ग्रेव्ही’ टाकून शोधा, रेटिंगपेक्षा ते जास्त कामाचं. मेन्यूत नट रोस्टमध्ये काय काय आहे ते नीट लिहिलंय, ग्रेव्हीचं वेगळं लिहिलंय, तर कोणीतरी मनापासून विचार केलाय. नुसतं ‘व्हेजिटेरियन ऑप्शन अव्हेलेबल’ असेल तर बहुतेक फ्रीजरमधलं काहीतरी गरम करून देतील. कार्व्हरी असेल, म्हणजे काउंटरवर मांस कापून वाढतात तशी जागा, तर भाज्या आपल्या हाताने घेता येतात, पण चमचे इकडून तिकडे फिरतात, सोवळं पाळणाऱ्यांनी तिथे जाऊ नये. आणि आईंना नट रोस्ट मुळीच जाणार नाही असं वाटत असेल तर लेस्टर, बर्मिंगहॅम, साउथॉलकडे देसी पब आहेत, तिथे पनीर टिक्का, नान, डाळ मिळते, फक्त तंदूर आणि ग्रिल वेगळं आहे का तेवढं विचारा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना रोस्टमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही, त्यांच्यासाठी बटर घातलेला जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, सांगा.

बऱ्याच पबमध्ये वेटर टेबलावर येत नाही, टेबल नंबर बघून बारवर जाऊन ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे. तिथला सायडर म्हणजे दारू, सफरचंदाचा ज्यूस समजून मागवू नका, शँडीमध्येही बिअर असते. लाइम अँड सोडा सांगा, स्वस्त आणि छान.

गोडात अॅपल क्रंबल, त्यात सहसा अंडं नसतं, पण वरच्या कस्टर्डचं विचारा. पावडरचं असेल तर बहुतेक चालेल, कारण अल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये बर्मिंगहॅमला ती पावडर केलीच मुळी बायकोला अंड्याची अॅलर्जी होती म्हणून. स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये अंडं असतं. जेली आणि पॅनाकोट्यात जिलेटिन असतं, ते सोडून द्या.